कडेची माणसं

ओरेस्ट बाबियाक कुठलाही फोटो मधून बघत नसत. आधी डावा कोपरा, मग उजवा. मध्य सगळ्यात शेवटी. "मधलं काय, ते सगळ्यांचंच चांगलं येतं," असं म्हणायचे.

कॉफी ढवळून झाली की चमचा रुमालानं पुसून स्वतःच्या खिशात टाकायचे. मग कॅफेच्या लाम बाई हात पुढे करून उभ्या राहायच्या आणि ते ओशाळून चमचा परत द्यायचे. रोज.

गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं एक छोटं भिंग असायचं. निगेटिव्ह तपासायचं. त्याच भिंगानं ते औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायचे आणि पोरांच्या बोटातलं कुसळ शोधायचे.

नवी लेन्स हातात आली की आधी हुंगायचे. बुरशी डोळ्याला दिसण्याआधी नाकाला कळते म्हणे.

वारा किती आहे हे बघायला आभाळाकडे बघत नसत. समोरच्या लाझारुकांच्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघायचे.

आणि बटण दाबण्याआधी श्वास रोखायचे. तो इतक्या मनापासून रोखायचे की समोर उभी असलेली माणसंही आपोआप रोखायची. कॅनडाच्या माळरानावरच्या वेर्बा गावातल्या चाळीस वर्षांच्या लग्नांच्या फोटोंत वऱ्हाडी जरा फुगलेले दिसतात, ते त्यामुळे.

रोमा पालुकची जीभ अजून 'बघतात', 'हुंगतात' असंच म्हणते. मग ती मध्येच थांबते.

रोमा साहित्य शिकायला सास्काटूनला गेली होती. पदवी घेऊन परत आली आणि गावच्या वाचनालयात बसू लागली. वाचनालय पोस्टाच्या मागच्या खोलीत होतं. ओरेस्ट पोस्टातून निवृत्त झाले होते, पण पाय तिकडेच वळायचे. ती त्यांना वुयको म्हणायची. गाव युक्रेनी लोकांनी वसवलेलं, तिथं कुणाच्याही काकाला, मामाला वुयकोच म्हणतात. पुस्तकांपेक्षा त्यांच्या गप्पा बऱ्या, असं तिला पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

यंदा सुगी संपता संपता बातमी आली. रुळांकडेचं धान्याचं लाकडी कोठार कंपनी पाडणार. आठ मजली उंच, गेरूच्या रंगाचं, वर गावाचं नाव लिहिलेलं. पंचवीस मैलांवरून तेच दिसायचं. तेच बघून माणसं म्हणायची, आलं घर.

गावच्या हॉलच्या मंडळानं ठरवलं, पाडण्याआधी अख्ख्या गावाचा एक फोटो काढायचा. कोठारासमोर सगळे. बाहेरगावी गेलेलेही येतील. फोटो मोठा करून हॉलच्या मागच्या भिंतीवर लावायचा, माणूस आडवा झोपेल एवढा रुंद.

"एवढा मोठा का पण?" रोमानं विचारलं होतं.

"कारण लोक लांबून बघत नाहीत, पोरी. जवळ जातात. नाक लावतात. आपलं तोंड शोधतात."

ते घाबरले होते, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

हॉलमध्ये आधीच एक फोटो होता. गावाच्या पंचाहत्तरीचा. तोही ओरेस्टनीच काढलेला. मधली माणसं सुरेख. पाद्रीबुवांच्या दाढीचे केस मोजावेत. पण डाव्या टोकाला पिरोही, म्हणजे पाण्यात उकळायच्या करंज्या, लाटायचं सोडून स्वयंपाकघरातून एप्रनसकट धावत आलेली एक बाई उभी होती, आणि तिला चेहराच नव्हता. ती त्यांची बायको, सोन्या. तिनं तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा हॉलभर ऐकू जाईल असं हसून म्हणाली होती, "बघा हो, नवऱ्यानं माझा पिरोहीचा उंडा केलाय! नुसतं उकळत्या पाण्यात सोडायचं बाकी आहे."

सगळे हसले. ओरेस्ट हसले नाहीत. लेन्स खराब आहे म्हणाले आणि त्याच आठवड्यात मिळेल त्या किमतीला विकून टाकली. पुढं सोन्या वारली. फोटो भिंतीवरच राहिला.

"मधे कोण उभं राहतं?" एकदा ते रोमाला म्हणाले. "ज्याला खात्री असते की आपण इथलेच. कडेला कोण? उशिरा आलेला, लाजणारा, ज्याला वाटतं आपल्याला कुणी बोलावलं का नाही. तो आधीच अर्धा बाहेर असतो. त्यात लेन्सनं पुसून टाकला की झालं."

कोठारापुढे मोकळी जागा थोडी. मागे सरकावं तर दलदल. एवढ्या जवळून अख्खं कोठार आणि अख्खं गाव मावायचं तर वाइड लेन्सच हवी. ती ओरेस्टच्या जुन्या कॅमेऱ्याला बसायला हवी. मीडियम फॉरमॅट म्हणतात तो, मोठ्या फिल्मचा, विटेसारखा जड. टोरांटोच्या एका दुकानातून त्यांनी वापरलेली लेन्स टपालानं मागवली. विकून टाकलेल्या लेन्सच्याच जातीची. तीच चांगली असते, म्हणाले, मला मिळालेला नग वाईट होता.

मग परीक्षा सुरू झाली.

लाकडी घरांच्या या गावात विटांची भिंत एकच, बंद पडलेल्या लोणी-कारखान्याची. ओरेस्टनी प्रत्येक लेन्स त्याच भिंतीपुढे उभी केली होती. विटांच्या रेषा सरळ असतात, खोटं बोलत नाहीत. भिंतीच्या चार कोपऱ्यांवर त्यांनी शेतावरच्या लिलावांच्या जुन्या जाहिराती चिकटवल्या. त्यावरची बारीक अक्षरं फिल्मवर वाचता आली पाहिजेत. कॅमेऱ्याच्या तिवईच्या मध्ये सातूची गोणी टांगली, वाऱ्यानं हलू नये म्हणून.

"आता हा आरसा भिंतीला सपाट धर," ते रोमाला म्हणाले. "मधोमध. बोटं मागे."

"आरसा कशाला?"

"कॅमेऱ्यानं स्वतःचं तोंड बघायला. आरशात लेन्स बरोबर मधे दिसली की कॅमेरा भिंतीला सरळ आहे. तिरका असला तर एक कोपरा पुसट येणारच. मग बिचाऱ्या लेन्सला शिव्या."

आरशात लेन्स मधे आली. त्यांनी रोमाला जवळ बोलावून लेन्सवरची दोन कडी दाखवली. मागचं कडं फोकसचं, सगळ्या लेन्सना असतं तसं. पुढचं अरुंद कडं वेगळं. त्यावर अंतरं कोरलेली होती.

"हे कडांचं. भिंत जवळ आहे, म्हणून जवळच्या खुणेवर आणायचं. लांबचं काढायचं असलं की लांबच्या खुणेवर. नाही आणलं तर मध्य छान येतो आणि कडा मरतात."

"आणि आत बघून कळत नाही?"

"एवढ्याशा काचेवर काय कळणार? फिल्म धुतल्यावर कळतं. तेव्हा माणसं घरी गेलेली असतात."

पहिल्या रोलमध्ये डावा कोपरा किंचित मऊ आला. किंचितच. पण ओरेस्टचं जेवण गेलं. त्यांनी निगेटिव्ह कॅफेत आणले, लाम बाईंच्या पाय शेकायच्या दिव्यासमोर धरले आणि गळ्यातलं भिंग टेबलावर फिरू लागलं.

"वाच," त्यांनी मेत्रो लाझारुकना म्हटलं. मेत्रो म्हणजे कोठाराचे शेवटचे कारभारी, समोरच्या घरातले, लहानपणापासूनचे सोबती.

"वाचतो की. 'पेंढा बांधायचं यंत्र, चालू स्थितीत.'" मेत्रोंनी भिंग खाली ठेवलं. "खोटं आहे. ते स्तेफानचं यंत्र. कधी चालू नव्हतं."

"अक्षरं कशी आहेत ते सांग!"

"अक्षरं बरी आहेत. माणूस लबाड आहे."

"शेवटची ओळ?"

"शेवटची ओळ मला वर्तमानपत्रात पण दिसत नाही, ओरेस्ट. तू लेन्स तपासतोयस का माझे डोळे?"

लाम बाईंनी भिंग घेतलं, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हललंय. काल दुपारी माझी पाटी पण हलत होती."

वाराच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे, लाझारुकांचे कपडे दोरीवर निपचित पडलेले असताना, त्यांनी परत भिंत काढली. मग शनिवारी पुन्हा एकदा, नुसती खात्रीसाठी. दुपारी रोमा तळघरात उतरली तेव्हा ते उजेडाच्या पेटीवर वाकलेले होते. वर बघितलं आणि कित्येक दिवसांनी हसले.

"चारही कोपरे," ते म्हणाले. "खिळ्याचं डोकं दिसतंय. गंजासकट. दुसऱ्या कुठल्या लेन्सला जमणार नाही."

त्यांनी लेन्स पुसली, कॅमेऱ्यालाच लावून ठेवली आणि उद्यासाठी पिशवी भरली.

रविवारी प्रार्थना आटोपून, बाहेरगावचे पोचेपर्यंत थांबून, दुपार कलताना गाव कोठाराशी जमलं. रेजायनाहून, एडमंटनहून, पार व्हँकूव्हरहून माणसं आली होती. सोमवारी सकाळी यंत्रं येणार होती. मेत्रो कंपनीची जुनी टोपी घालून बरोबर मधे उभे राहिले.

"मेत्रो, तू जरा बाजूला. मागची नावाची पाटी झाकतोस."

"मी तीस वर्षं त्या पाटीखाली उभा आहे. पाटीला सांग बाजूला व्हायला."

डाव्या टोकाला लाम बाई होत्या. एक पाय रांगेत, एक बाहेर.

"लाम बाई, आत या!"

"इथेच ठीक आहे. मला दुकान उघडायचंय."

"आज तुमच्याकडे येणार कोण? सगळं गाव तर इथे आहे."

ओरेस्टनी फिल्म ओढली, श्वास रोखला, गावानं रोखला. एक रोल संपेपर्यंत गाव श्वास घेत आणि रोखत उभं होतं. मग कुणीतरी ओरडलं, "पिरोही गार होतायत!" आणि रांग फुटली.

हॉलमध्ये लोणी, कांदा आणि शेपूचा वास भरला होता. पावलिना, जिच्या हातात हॉलचं स्वयंपाकघर आहे, झाऱ्यानं ताटं भरत होती. ओरेस्ट एका कोपऱ्यात बाकावर बसून लेन्स पुसत होते. रोमा त्यांच्यासाठी ताट घेऊन आली आणि थांबली.

त्यांचा हात थांबला होता. अंगठा पुढच्या अरुंद कड्यावर होता. तोंडाचा रंग पिठासारखा झाला होता.

"वुयको? बरं वाटत नाहीये का?"

"भिंत," ते म्हणाले.

"कसली भिंत?"

"हे अजून भिंतीवरच आहे. जवळच्या खुणेवर. काल लावलं, तसंच." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "मी अख्ख्या गावाला लोणी-कारखान्याची भिंत समजून काढलंय."

रोमाला तो आरसा आठवला, ती दोन कडी आठवली. तिनं ताट खाली ठेवलं. "कदाचित चालेल. तुम्हीच म्हणता, लेन्सचं छिद्र बारीक केलं की चुका झाकतात."

"घरी लावायच्या फोटोत झाकतील. भिंतीएवढ्यात नाही."

मग त्यांची नजर समोर गेली. पंचाहत्तरीच्या फोटोकडे, डाव्या टोकाकडे.

"त्याच्या आदल्या दिवशीही मी भिंत काढली होती," ते हळूच म्हणाले. "खात्रीसाठी."

रोमा बाकावर त्यांच्याजवळ बसली.

"लेन्स चांगली होती. प्रत्येक लेन्स भिंतीवर घासली, ती एक परत तपासलीच नाही. रागानं विकून टाकली. आणि सोन्या हसत होती. ती हसत होती, पोरी."

बाहेर गाड्यांची दारं वाजू लागली होती. एडमंटनच्या लोकांना अंधार पडायच्या आत मोठा रस्ता गाठायचा होता. खिडकीतला उजेड पिवळा व्हायला लागला होता.

"बोलवा त्यांना परत," रोमा म्हणाली.

"काय सांगू? चाळीस वर्षं फोटो काढतो, आणि कडं फिरवायला विसरलो?"

"हो."

"मेत्रो मरेपर्यंत सोडणार नाही मला."

"नाही सोडणार."

पावलिना झारा घेऊन तिथं आली होती. तिनं अर्धंच ऐकलं होतं, पण तिला तेवढं पुरलं. "कोण कडेला होतं?" तिनं विचारलं.

"लाम बाई. तुझी सून. स्तेफानचा म्हातारा."

"मग बसलास काय? मी दारं लावते, कुणी जात नाही. तू बोल."

ओरेस्ट बाकावर चढले. रोमानं त्यांचा कोपर धरला. त्यांनी दोनदा घसा साफ केला, तरी हॉल गप्प होईना. मग पावलिनानं झारा पातेल्यावर आपटला.

"फोटो बिघडला," ओरेस्ट म्हणाले. "लेन्स चांगली आहे. मी चुकलो. मधले सगळे छान आले असतील. कडेचे येणार नाहीत. परत उभं राहावं लागेल. आत्ता. उजेड जातोय."

काटे ताटात टेकले.

"मधले छान आलेत ना?" मेत्रो मागून म्हणाले. "मग काय बिघडलं? कडेच्यांना आम्ही ओळखतो."

दोघंचौघं हसले. मेत्रोंनीच हसू आवरलं, कारण ओरेस्ट त्यांच्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. मेत्रोंनीही तिकडे बघितलं. मग ताट बाजूला सरकवून टोपी घातली.

"चला रे. ऊठ, स्तेफान. पिरोही कुठे पळत नाहीत. सोन्या खरं म्हणायची, याला कॅमेरा नाही, लाटणं द्यायला हवं होतं."

माणसं कुरकुरत निघाली. कुणाच्या हातात कॉफीचा पेला, कुणाच्या तोंडात घास. एडमंटनची गाडी परत वळून आली. रांग लागली, पण मघासारखी नाही. जो आला तो मिळेल तिथं शिरला. मेत्रो गुडघ्यामुळे सगळ्यात मागे पडले आणि पोचले तेव्हा जागा फक्त डाव्या टोकाला होती. लाम बाई उजव्या टोकाला गेल्या, हातातला पेला तसाच.

"जन्मभर मधे उभा राहिलो," मेत्रो ओरडले, "आणि शेवटच्या दिवशी कडेला टाकलंस!"

"आज कडेलाच चांगलं आहे. हलू नकोस."

ओरेस्टनी अरुंद कडं लांबच्या खुणेवर आणलं. मग रोमाला म्हणाले, "बघ." तिनं बघितलं. "मोठ्यानं सांग."

"लांब."

"परत बघ."

"लांबच आहे, वुयको."

त्यांनी श्वास रोखला. गावानं रोखला. कोठारावर शेवटचं ऊन होतं आणि वारा, बहुधा, थांबला होता. समोरच्या दोरीवर आज कपडे नव्हते, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

सोमवारी कोठार पडलं. ओरेस्ट बघायला आले नाहीत. तळघरात होते. मंगळवारी रोमानं दारावर टकटक केली तर आतून म्हणाले, "अजून ओलं आहे." बुधवारी म्हणाले, "वाळलंय. अजून बघितलं नाही. उद्या बघीन." आवाजात तीच धास्ती होती.

गुरुवारी सकाळी ते कॅफेत आले नाहीत. लाम बाईंनी कॉफी ओतून ठेवली होती. ती निवली. मग त्या एप्रन न काढताच रस्ता ओलांडून गेल्या. ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत होते, पायात बूट होते. हृदय, डॉक्टर म्हणाले.

दफन झालं. त्यांची मुलगी ख्रिस्त्या कॅल्गरीहून आली होती. तळघराची पायरी उतरवेना म्हणाली. "तू जाशील का? फोटोचं काय झालं ते बघ. सगळे विचारतायत."

रोमा उतरली.

उजेडाची पेटी चालूच होती. दोन्ही रोल कापून शेजारी शेजारी ठेवले होते. नाडीसकट भिंग त्यांच्यामध्ये पडलेलं होतं. म्हणजे त्यांनी बघितलं होतं. बुधवारीच, उद्याची वाट न बघता.

तिनं भिंग डोळ्याला लावलं. आधी जेवणाआधीचा रोल. डावा कोपरा. लाम बाईंच्या जागी कोट होता, कोटावर उंडा. ते बरोबर होते. सगळं गाव घरी गेलं असतं आणि भिंतीवर परत तेच लागलं असतं.

मग दुसरा रोल. डावा कोपरा.

तिनं भिंग हळूहळू उजव्या टोकापर्यंत सरकवलं. मग सरळ झाली आणि तेव्हा तिला समोरची भिंत दिसली.

निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचा दिवा, एन्लार्जर, आडवा करून भिंतीकडे वळवलेला होता. एवढा मोठा कागद तळघरात धुता येत नाही, म्हणून त्यांनी फोटो तीन उभ्या पट्ट्यांत करायचं ठरवलेलं दिसत होतं. दोन पट्ट्या झाल्या होत्या. धुतलेल्या, वाळलेल्या, आपापल्या जागी टाचण्यांनी लावलेल्या.

डावीकडे मेत्रो लाझारुक. गालावरचे न काढलेले खुंट, टोपीची उसवलेली शिवण, तोंड अर्धवट उघडं, काहीतरी खवचट बोलायच्या बेतात. उजवीकडे लाम बाई. कोटाची बटणं, बटणातला दोरा, पेल्यातून निघालेली वाफ. दोन्ही पाय रांगेत.

रोमा नाक लागेल इतकी जवळ गेली. दोघांचेही डोळे स्पष्ट होते.

मध्ये भिंत रिकामी होती. पाद्रीबुवा, पावलिना, एडमंटनचे, व्हँकूव्हरचे, वरची गावाच्या नावाची पाटी, स्वतः कोठार, सगळं तेवढ्या जागेत यायचं होतं. चार टाचण्या तिथं आधीच टोचून ठेवलेल्या होत्या. तिसरा कागद डब्यात होता. तो मापानं कापून ठेवलेला होता, पण त्यावर उजेड पडायचा राहिला होता.